एकशे त्रेसष्ट शब्द

आज दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. मी कामावर होतो. आईचा फोन आला, "अरं, तुझं ते कामगार ऑफिसचं आलंय बघ." हाफ डे टाकला आणि बेचाळीस डिग्रीत गाडी हाणत घरी आलो. पाकीट खाकी, डिंक इतका की फोडताना आतला कागदही फाटला. कागद एकच. त्यावर साडेतीन ओळी.

माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जात १६३ शब्द आहेत. नियमाप्रमाणे १५० पाहिजेत. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

बस. खाली सही, तीसुद्धा कुणाची ते कळू नये अशी.

अर्ज देऊन आज ४३ दिवस झाले. त्रेचाळीस दिवसांत या लोकांनी काय केलं, तर माझे शब्द मोजले. दिवसाला चार शब्दसुद्धा पडत नाहीत हो! माझी आई दिवसाला हजार विड्या वळायची आणि हजार मोजून द्यायची. स्वयंपाक, धुणं, नळाचं पाणी भरून.

ऑफिसचं नाव घेत नाही. परवा परत त्याच पायऱ्या चढायच्या आहेत. कामगारांसाठी काढलेलं ऑफिस आहे एवढं पुरे. सोलापुरात राहणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही.

आता १६३ शब्दांत मी काय एवढं मागितलं होतं ते ऐका. आई १९९६ पासून एका कंपनीच्या विड्या वळायची. तेव्हा आम्ही अशोक चौकाच्या मागं भाड्याच्या खोलीत राहायचो. कंपनीची ती ब्रँच, म्हणजे वळलेल्या विड्या जमा करायची जागा, २०२३ मध्ये बंद पडली. सत्तावीस वर्षं झाली म्हणून ग्रॅच्युइटी मागायला गेलो, तर कंपनी म्हणते ही बाई आमच्याकडे २००९ पासून आहे, त्याआधीचं आम्हाला माहीत नाही. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार असा हिशेब असतो. तेरा वर्षं एका वाक्यात गेली. लॉगबुक दाखवा म्हणाले, म्हणजे रोजच्या विड्यांच्या नोंदीची वही. भरलेलं लॉगबुक ब्रँचमध्येच जमा करून घ्यायचे की, ते आमच्याकडे कुठून येणार?

मग मी डोकं चालवलं. विडी कारखान्याला परवाना लागायचा, १९६६ चा कायदाच होता तसा. परवाना आला की नूतनीकरण आलं, तपासणी आली, तपासणीला साहेब आला की शेरा आला. कुठल्यातरी शेऱ्याला कामगारांच्या नावांची यादी जोडलेली असणार. म्हणून १९९६ ते २००९ चे त्या ब्रँचचे परवाने आणि तपासणीचे शेरे, जे काही असेल त्याच्या झेरॉक्स मागितल्या. पानाला दोन रुपये मी देणारच होतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना भरला, पोच घेतली. एवढंच मागितलं.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आमच्याकडे तपासणीला साहेब आला की हजेरीचं, पगाराचं, ओव्हरटाइमचं रजिस्टर पाच मिनिटांत टेबलावर लागतं. सहावं मिनिट झालं की साहेबाचा आवाज बदलतो. मी स्वतः पळालोय रजिस्टर घेऊन, जेवणाचा डबा उघडा टाकून. बरोबर आहे, पळालंच पाहिजे, कामगाराचं रजिस्टर आहे ते. मग त्यांचं रजिस्टर मागितलं की ते का नाही सापडत?

पंधराव्या दिवशी सहज चौकशीला गेलो होतो. टेबलावरचा पहिला प्रश्न, "कशाला पाहिजे हे तुम्हाला?" कायद्यात सरळ लिहिलंय की कारण विचारायचं नाही. कलम ६, पोटकलम २. मी बोललो नाही, कारण सांगितलं. आईचं सांगितलं. तर म्हणे हे आमच्याकडं नसतंय, दुसऱ्या ऑफिसला जावा. तिथं गेलो. ते म्हणाले आमच्याकडं कसं असंल, तिकडंच असतंय. आता हेही कायद्यात आहे की अर्ज दुसऱ्या ऑफिसचा असेल तर यांनी पाच दिवसांत तो तिकडं पाठवायचा आणि मला कळवायचं. उन्हात माझी गाडी पाठवायची असं कुठंही लिहिलेलं नाही. परत पहिल्या ठिकाणी गेलो तर वेगळाच माणूस बसलेला. तो म्हणतो, "तो कायदाच आता राहिला नाही ना. कामगारांच्या चार नवीन संहिता आल्यात." आल्यात, मला माहीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ ला आल्या, एकोणतीस जुने कायदे त्यात गेले, विडीचाही गेला. म्हणून १९९८ चा कागद कपाटातून आपोआप विरघळला का?

त्या दिवशी घरी येऊन मी आईवरच चिडलो. तू तेव्हाच एखादं कार्ड, एखादी चिठ्ठी का नाही जपून ठेवलीस म्हणून. ती काही बोलली नाही. शेंगा निवडत बसली.

आता हे लिहितोय तर तेच आठवतंय. मी दुसरी-तिसरीत असेन. एके दिवशी आई ब्रँचवरून आली ती टोपली आपटूनच. चेकरनं एक बंडल मोजलं, चोवीस निघाल्या. पंचवीसच्या ठिकाणी चोवीस. त्यानं ते अख्खं बंडल छाटेत, म्हणजे नापास मालात टाकलं आणि मग तसंच अजून पाच-सहा बंडलं न मोजताच टाकली. आई म्हणाली, साहेब, पान हाय, जर्दा हाय, हितंच बसून एक वळून देते. तो म्हणाला, पुढं चला. आणि ती छाट कुणी फेकून देत नव्हतं, बरं का. पैसे फक्त आईचे जायचे. त्या रात्री आईनं दुसऱ्या दिवशीची सगळी बंडलं जमिनीवर मांडली. मी आणि ताई कंदिलासारख्या त्या बल्बखाली एक-एक मोजत होतो. आई तेलुगूत मोजायची. आम्ही मराठीच, पण पूर्व भागात पद्मशाली बायांच्या मधे बसून तिचं मोजणं तेलुगूच झालं ते कायमचं. ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. शाळेची पायरी चढली नाही, पण मोजण्यात तिचा हात कुणी धरावा?

तर आज तो कागद हातात घेतला तेव्हा मला तो चेकर दिसला. शप्पथ. पंचवीसच्या जागी चोवीस, दीडशेच्या जागी एकशे त्रेसष्ट. टाका छाटेत, पुढं चला.

आता कुणीतरी खाली लिहीलच की नियम आहे. आहे. महाराष्ट्राच्या नियमांत आहे की अर्ज एका विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा. सर्वसाधारणपणे! हा शब्द त्यांच्या मोजणीत आला नाही वाटतं. आणि मोजायचेच होते तर पहिल्या दिवशी, पोचेचा शिक्का मारताना मोजायचे. मी तिथंच उभा राहून तेरा शब्द खोडून दिले असते. आई चेकरला म्हणाली तसंच.

ते जास्तीचे तेरा शब्द मी आता बसून शोधले. महोदय. सविनय. नम्र विनंती. कृपया पाच वेळा. तसदीबद्दल क्षमस्व. आपला विश्वासू. म्हणजे माझी सगळी सभ्यताच जादा झाली. च्यायला, "द्या" एवढं लिहिलं असतं तर बसलं असतं.

आणि खरी गंमत पुढं आहे. ज्याला लिहिता येत नाही त्यानं तोंडी माहिती मागितली, तर ती लिहून घ्यायला अधिकाऱ्यानंच मदत करायची आहे. कलम ६ मध्येच आहे हे. म्हणजे मी शहाणपणा करून अर्ज लिहायच्या ऐवजी आईलाच नेऊन तिथं बसवायला पाहिजे होतं. तिनं १९९६ पासून सुरुवात केली असती. पान कसं यायचं, ब्रँचमध्ये कोण कुठं बसायचं, कुणाच्या लेकीचं लग्न कधी झालं. मोजा म्हणावं शब्द.

(मधे चहा झाला. थोडा शांत झालोय.)

खोटं बोलणार नाही, त्या ऑफिसात एक ताई आहेत. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आवकजावक, टपाल, सुनावणीच्या नोटिसा, सगळं त्यांच्याच टेबलावर. शेजारच्या दोन खुर्च्यांवर गठ्ठे ठेवलेले, कारण त्या खुर्च्यांवर बसणारी माणसं भरलेलीच नाहीत. हळूच म्हणाल्या, "दादा, जुनं रेकॉर्ड माळ्यावर आहे. चढणारं कुणी नाही." मी म्हणालो मी चढतो. त्या हसल्या. राग त्यांच्यावर नाही. आणि माहिती अधिकाराचा धंदा करणारेही आहेत आपल्या गावात, अर्ज टाकायचा आणि मग भेटायला जायचं, हे मला कळतं. त्यांच्यामुळं आमच्यासारख्याकडंही संशयानं बघतात. ठीक आहे, मान्य. पण धंदेवाल्याला १९९८ च्या विडी ब्रँचचा शेरा घेऊन करायचंय काय?

जुना कागद मुदत संपल्यावर नष्ट करतात, हेही मान्य. केला असेल तर केला म्हणा. नष्ट केलेल्या कागदांची नोंद ठेवावी लागते, ती दाखवा. "नाही" हे सुद्धा उत्तर असतं, त्यावर माणूस पुढचा रस्ता बघतो. शब्द मोजून पाठवणं हे उत्तर नव्हे.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? आम्ही आज ज्या घरात राहतो ते घर आईला विडी कामगार म्हणूनच मिळालंय. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या मोर्च्यांत आई किती वेळा गेली त्याची गणती नाही, मला काखेला मारून. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते घरं द्यायला. तेव्हा सरकारच्या यादीत ही बाई विडी कामगार होती, ओळखपत्र होतं, फोटो होता. २००६ हे २००९ च्या आधी येतं ना? घर देताना कामगार, पैसे मागताना कोण ही बाई! ओळखपत्रावर कंपनीचं नाव होतं, पण लॅमिनेशनच्या आत घाम जाऊन ते पार पुसट झालंय. कंपनीचा माणूस ते कार्ड उजेडाला धरून म्हणाला, हे आमचं नाव नाही वाटत.

वाटत नाही म्हणे.

तीस दिवसांत माहिती द्यायची असते. नाही दिली तर झेरॉक्स फुकट द्यावी लागते. दिवसाला अडीचशे रुपये दंड, जास्तीत जास्त पंचवीस हजार. वाचताना छाती भरून येते. केंद्राचा कायदा २००५ चा, आपल्या राज्यानं तर २००२ मध्येच स्वतःचा केला होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनांनंतर. पण तो दंड लावणार माहिती आयोग. तिथं जायच्या आधी पहिलं अपील, ते त्याच ऑफिसच्या वरच्या साहेबाकडं. मग दुसरं अपील पुण्याच्या खंडपीठाकडं, आणि तिथं तारीख कधी लागते ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. आई एकसष्टची आहे. गुडघे गेलेत, मांडी घालून सत्तावीस वर्षं बसल्यावर दुसरं काय होणार. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातली माणसं आहोत आपण, वाट बघायची सवय आहे. पण पाणी येतं तरी.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं, इंग्रजांच्या मार्शल लॉचं, गिरणीच्या भोंग्याचं असं काहीतरी इथं लिहिणार होतो. लिहिलं आणि खोडलं. ते सगळे भाषणात म्हणतात.

तर मित्रांनो, अपील टाकतोय, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. आणि सोबत नवीन अर्जही. आत्ताच लिहिला. महोदय नाही, सविनय नाही, विश्वासू तर नाहीच. नष्ट केलेल्या कागदांची नोंदवहीही मागितली आहे. आईला म्हणालो, तूच मोज. तिला अक्षर येत नाही, पण दोन शब्दांच्या मधली मोकळी जागा दिसते. चष्मा लावून, बोट ठेवत, ओकटी, रेंडु करत शेवटपर्यंत गेली. परत पहिल्यापासून आली. मग म्हणाली,

"एकशे एकोणपन्नास. एक कमी हाय."

मी म्हणालो, आई, कमी चालतं. जास्त नको फक्त.

"तुला चालतंय रं. मोजणाऱ्याला चालतंय का? त्या दिवशी मी बी समजावलंच हुतं की."

एक शब्द वाढवला. आता बरोबर दीडशे आहेत. परवा सकाळी जाणार आहे, उद्या सुट्टी आहे त्यांना. दहाचा कोर्ट फी स्टॅम्प कुणाकडे जादा असेल तर सांगा, आज संध्याकाळी दोन ठिकाणी विचारलं, संपलेत म्हणाले.