दोन वाटे बोंबील आणि अर्धा गिऱ्हा

आज सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नाकाला ओढणी लावली आणि माझ्याकडे न बघता लिफ्टमनला म्हणाल्या, "उंदीर मेलाय कुठेतरी."

उंदीर नव्हता. काल संध्याकाळी मी नेलेले बोंबील होते. सुके, पण भिजलेले. सुका बोंबील भिजला की तो ना सुका राहतो ना ओला, नुसता वास उरतो.

मढला गेलो होतो, भर जुलैत. "पावसात तिकडे काय आहे?" असं बायकोने विचारलं, म्हणून मुद्दाम. वर्सोव्याहून पाच मिनिटांची बोट, उलटी झालेली छत्री आणि किल्ला. तो मराठ्यांनी १७३९मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला. आता हवाई दलाकडे आहे, आपण बाहेरूनच मान वर करायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्यासुद्धा ताडपत्री पांघरून पडलेल्या.

परतताना बोट बंद. "वारा बघा की," एवढाच खुलासा. धक्क्याजवळ निळ्या प्लास्टिकखाली एक मावशी सुक्या मासळीचे वाटे लावून बसल्या होत्या. मला लघळपणा सुचला. "मावशी, इथली एखादी भुताची गोष्ट सांगा की."

"गिऱ्हाची सांगू?"

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, माणसाला चकवून खोलात नेणारं. मी सरसावून बसलो.

"माझा सासरा रातचा खाडीतनं येत व्हता. पुढनं आवाज आला, 'ये, पानी घोट्याएवढंच हाय.' सासरा गेला. पानी गुडघ्याला." इथे मावशींनी माशी हाकलली. "बोंबील किती देऊ?"

शंभराचा वाटा घेतला. पाणी कमरेला आलं.

दुसरा घेतला. गळ्याला.

"मग?"

"मंग सोडं."

सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. त्यांचा भाव ऐकून पाणी माझ्याच नाकाशी आलं. "मावशी, सासरे वाचले का, एवढं तरी सांगा."

"नाय वाचला तर माझा नवरा कुठनं आला?"

"नवरा आधीच झाला असेल."

मावशींनी मला नीट न्याहाळलं. "बाला, तू वकील हाय काय?"

शेजारी एक स्कूटरवाला कधीचा ताटकळत होता. तो कळवळून म्हणाला, "साहेब, घ्या ना सोडे. मलापण ऐकायचंय."

"मग तुम्ही घ्या."

"मी शाकाहारी."

शेवटी २७१ नंबरची बस धरली. मालाडपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. कंडक्टरने तिकीट हात लांब करून दिलं.

त्याचं काही नाही. भिजलेल्या बोंबलाला बसमध्ये नाकं मुरडणारच. पण आमच्या लिफ्टमधून कुत्री जातात, रंगाचे डबे जातात, गणपतीत अख्खं ढोलपथक गेलं. फक्त मासळीची पिशवी दिसली की चेहरे बदलतात. घर भाड्याने मागायला जा, नावाआधी 'नॉनव्हेज खाता का' विचारतात. मुंबादेवी मूळची कोळ्यांची, शहराचं नाव तिच्यावरून, आणि कोळ्यांच्या ताटातलं मात्र जिन्याने न्यायचं! हे सगळं बाईंना सुनवायचं सुचलं तेव्हा त्या उतरून गेल्या होत्या.

रात्री बायकोने बोंबील तव्यावर टाकले, खिडक्या लावून. गोष्ट सांगता सांगता मी गळ्यापर्यंत आलो आणि थांबलो.

तिने उलथनं तसंच धरलं. "सोडे काय भाव होते?"