अर्धा सूत

लातूरला आमचं लाकडी पट्ट्या काढायचं पत्र्याचं शेड आहे. तिथं मला ना विजेची भीती, ना वाळवीची. भीती वाटते ती एका वाक्याची: "मालक, मागल्या महिन्यातली तसलीच पट्टी द्या. दोनच फूट."

परवा एक वधुपिते आले. लग्न चार दिवसांवर आणि देव्हाऱ्याची पट्टी कमी पडलेली. मोल्डरवर (फिरत्या पात्यांनी लाकडाला आकार देणारं मशीन) तेव्हा चौकटीचं काम चालू होतं. म्हणजे पाती धरून फिरणाऱ्या ब्लॉकमधली पाती उतरवा, जुनी शोधा, चढवा. ते म्हणाले, "त्याला काय वेळ लागतंय? मशीनच करतंय की समदं!"

करतंय खरं. पण पात्यांच्या पाठीवर बारीक खाचा असतात, एकीपासून दुसरी इंचाच्या सोळाव्या भागावर. आठ सुतांचा इंच, म्हणजे हा अर्धा सूत. समोरासमोरच्या दोन पात्यांपैकी एक जरी खाचभर सरकून बसलं, तरी पहिल्यानं काढलेली गोलाई दुसरं खरडून टाकतं. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. मी अर्ध्या सुतावरून बंबापर्यंत जातो. एकदा अठरा फूट सागवान, तेही किनवटचं, आंघोळीच्या पाण्याखाली गेलं.

शिवाय जोडीचं वजन सारखं लागतं. नाहीतर मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर मशीन आणि मालक दोघंही थरथरतात. एकदा पाती तोलायला सराफाकडं नेली, तर त्यांनी आधी कसोटीचा दगडच काढला.

बरंच सागवान जाळल्यावर अक्कल आली. आता पात्यांच्या प्रत्येक जोडीबरोबर डब्यात वीतभर नमुना ठेवतो. त्याच्या पाठीवर पेन्सिलनं लिहितो: ब्लॉक वर-खाली किती, आत-बाहेर किती. हँडल फिरवून थांबायचं ते दरवेळी एकाच बाजूनं येऊन. उलट्या बाजूनं आलं की स्क्रूतली ढील आकड्यांना खोटं पाडते. परवा पाती आवळली, आकडे लावले आणि चहा निवायच्या आत पट्टी बाहेर! नमुन्याशी जोडून बघितली, नखसुद्धा अडकेना. मी लगेच चौकटीची पाती परत चढवली.

संध्याकाळी फोन आला. "मालक, मोजायला चुकलो. अजून फूटभर पाहिजे."

मी ऐटीत डबा उघडला. पाती होती, नमुना नव्हता.

"पावणे म्हणले, वीतभर कमी पडंल," पोऱ्या म्हणाला. "मग मी दिला की."

आता आकडे देव्हाऱ्यात, भिंतीकडं तोंड करून ठोकलेले. लग्नाला जाणं आलं. आहेराच्या पाकिटासोबत पकड घेऊन.