शिरा बिघडल्या, मग पिशवी का काढायची?

काल रात्री धाकट्या बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, मग काढूनच टाकू का गर्भाची पिशवी?" तेव्हापासून डोकं तापलंय.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं. सकाळी काही नसतं. संध्याकाळी इस्त्री करताना मध्येच थांबते, बेंबीखाली तळहात दाबून धरते आणि या पायावरून त्या पायावर भार देत राहते. अर्धा तास आडवी झाली की उतार पडतो. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, डाव्या ओव्हरीची (अंडाशयाची) शीर फुगलेली दिसली आणि डॉक्टरांनी कॉइल, म्हणजे धातूच्या बारीक तारेचं वेटोळं, शिरेत टाकून ती बंद करण्याचा पर्याय सांगितला. एवढ्यात हा मेसेज आला: पिशवी काढली की दुखणं मुळासकट जातं, कॉइल हृदयात शिरते, ओव्हरी सुकून मूल होत नाही, पाय वर करून झोपलं की शिरा बऱ्या होतात, आणि सोनोग्राफी नॉर्मल असेल तर दुखणं मनाचं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. बिघाड पिशवीत नाहीच. ओव्हरीची शीर रक्त वर घेऊन जाते. डावी मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, उजवी थेट महाशिरेला. गरोदरपणात या शिरा खूप ताणल्या जातात. त्यांच्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की उभं राहिल्यावर रक्त खाली उतरतं आणि ओटीपोटात साचतं. पायांच्या व्हेरिकोज व्हेन्ससारखंच हे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. नुसती पिशवी काढली तरी ती नादुरुस्त शीर जागच्या जागीच राहते. आणि सोबत दोन्ही ओव्हरी काढल्या तर तिशी-चाळिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. हे मेसेज लिहिणाऱ्याने कुठेच सांगितलेलं नाही. औषधांनी गुण न आलेल्या 106 स्त्रियांवरचा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची शीर बंद केली, काहींची पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढल्या, काहींची पिशवी आणि एक ओव्हरी. वेदना सर्वांत जास्त कमी झाल्या त्या शीर बंद केलेल्या गटात. अभ्यास लहान आहे, मान्य. पण मेसेजवाल्याकडे तेवढाही नाही.

कॉइल हृदयात शिरते म्हणे! यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. क्वचित कॉइल जागेवरून सुटते आणि रक्ताबरोबर हृदयातून पुढे फुप्फुसाकडे जाऊ शकते. बहुतेक वेळा ती नळीनेच परत काढता येते. म्हणूनच शिरेच्या मापाची कॉइल निवडतात आणि हे काम अनुभवी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे (एक्स-रेत बघत नळीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे) द्यायचं असतं. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी, जागा बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत. पोटावर चिरा नाही, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. नंतर काही दिवस दुखतं, कधी बारीक ताप येतो.

ओव्हरी सुकण्याचं म्हणाल तर ओव्हरीला रक्त धमनीतून येतं. बंद करतात ती परतीची, तीही बिघडलेली वाट; बाकीच्या शिरा असतातच. या उपचारानंतर गरोदर राहिलेल्या स्त्रियांच्या नोंदी आहेत. पुरुषांत व्हेरिकोसील होतं, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात, तेव्हा ओव्हरीच्या शिरेसारखीच असलेली वृषणाची शीर अशाच कॉइलने बंद करतात, आणि अनेकदा मूल व्हावं म्हणूनच करतात.

पाय वर केल्याने बरं वाटतं, खरंय. पण बिघडलेल्या झडपा त्याने दुरुस्त होत नाहीत.

आणि "मनाचं दुखणं" हे वाचून तर चीड आली. आडवं झोपवून केलेल्या साध्या सोनोग्राफीत या शिरा सुटू शकतात. पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीतही सुटतात, कारण पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने त्या चपट्या होतात. उलटही होतं: कित्येकींच्या शिरा फुगलेल्या असतात आणि त्रास काहीच नसतो. तिथे कॉइलची गरज नाही.

बहिणीला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिलेत. एंडोमेट्रिओसिससारखी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) दुसरी कारणं तपासली का? डाव्या मूत्रपिंडाची शीर कुठे दबलेली तर नाही ना? एकच शीर बंद करणार की दोन्ही? आणि नंतर दुखणं परत आलं तर पुढे काय?