बार्नेट शेलची कड नेमकी कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण तुमचा एक मुद्दा खरा आहे आणि माझा नकाशा त्यापुढे टिकत नाही.

टेक्ससमधला बार्नेट शेल हा जमिनीखालचा घट्ट, गॅस धरून ठेवणारा गाळाचा खडक. त्याच्यावरच्या लेखात मी फोर्ट वर्थ शहराभोवती एकच जाड रेषा ओढली होती आणि तिच्याबाहेर गॅस काढणं परवडत नाही असं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शेल आहे तिथे गॅस आहेच, त्यामुळे सीमा जमिनीखाली नसते, बाजारभावात असते. पुरावा म्हणून तुम्ही जॉन्सन कौंटी (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) दाखवलीत. सुरुवातीला ती गाभ्याबाहेरची, म्हणजे सर्वाधिक उत्पादक भागाबाहेरची, मानली गेली आणि पुढे भरपूर गॅस देणाऱ्या कौंट्यांमध्ये जाऊन बसली.

जॉन्सनबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण ती बाहेर का राहिली होती, हे पाहिलं तर तुमचा निष्कर्ष निघत नाही.

मिचेल एनर्जी या कंपनीने बार्नेटमधली पहिली विहीर 1981 मध्ये वाइज कौंटीत खणली. तिथे आणि शेजारच्या डेंटनमध्ये शेलच्या खाली व्हायोला नावाची घट्ट चुनखडी आहे. फ्रॅकिंग करताना, म्हणजे विहिरीत दाबाने पाणी सोडून खडक फोडताना, पडणाऱ्या भेगा ती अडवते. नैऋत्येकडे जावं तशी ही चुनखडी झिजून संपते, आणि शेल थेट एलेनबर्गर थरावर टेकतो. एलेनबर्गर चुनखडी आणि डोलोमाइटचा, जागोजाग पोकळ्या पडलेला आणि खाऱ्या पाण्याने भरलेला. उभ्या विहिरीत मोठं फ्रॅक केलं की भेग खाली उतरायची आणि गॅसऐवजी पाणी यायचं. त्या काळात व्हायोला जिथे संपते तीच उत्पादनाची सीमा धरली जात होती, आणि उभ्या विहिरींपुरतं ते योग्यच होतं.

2002-03 पासून आडव्या विहिरी आल्या. डेव्हन या कंपनीने तोवर मिचेल विकत घेतली होती. शेलच्या आतून आडवं जायचं आणि एकाच मोठ्या फ्रॅकऐवजी टप्प्याटप्प्याने लहान फ्रॅक करायचे, म्हणजे भेगा बऱ्याच अंशी शेलमध्येच ठेवता येतात. जॉन्सनचा खडक आधीपासूनच उत्तम होता. पुरेसा जाड होता, गॅस तयार होण्याइतका तापलेलाही होता. अडचण त्याच्या खालच्या शेजाऱ्याची होती, आणि ती तंत्राने सोडवली. भाववाढीने तंत्राला हातभार लावला, हे मी मान्य करतो.

आता ज्या कडा तंत्राने हलल्या नाहीत त्या पाहा. ईशान्येला म्यून्स्टर कमान या जमिनीखालच्या खडकाच्या उंचवट्यापाशी बार्नेट हजार फुटांहून जाड होतो आणि तिथल्या मोठ्या प्रस्तरभंगापाशी तुटतो. पलीकडे शेलच नाही, मग भाव कितीही असो. पूर्वेला वॉशिटा घडीच्या पर्वतरांगेचा गाडला गेलेला पुढचा भाग आहे. दक्षिणेला लॅनो उठावाकडे थर पातळ होत जातो. सॅन सबा कौंटीत तो जमिनीवर उघडा पडतो तिथे त्याची जाडी गाभ्याच्या मानाने अगदीच थोडी आहे. इथे ‘खडक आहे’ हे तुमचं म्हणणं खरंच आहे, पण त्यात काढण्याजोगा गॅस नाही.

पश्चिमेची आणि वायव्येची कड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लेखात मी तिच्यावर अन्याय केला. ती उष्णतेची कड आहे. शेलमधला सेंद्रिय पदार्थ किती भाजला गेला, हे त्यातल्या व्हिट्रिनाइट या वनस्पतिजन्य कणांच्या प्रकाश-परावर्तनावरून मोजतात. बार्नेटमध्ये ते साधारण 1.1 टक्क्यांच्या पुढे गेलं की गॅसचा पट्टा सुरू होतो. त्याखाली तेल. तेलाचे मोठे रेणू शेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांमधून सहज हलत नाहीत, गॅसची वाट अडवतात, आणि विहीर लवकर मंदावते. शिवाय ही उष्णता नुसती खोलीनुसार बदलत नाही. वॉशिटाच्या बाजूने आलेल्या गरम द्रवांनी काही पट्टे जास्त भाजले आहेत. म्हणून निव्वळ खोलीचा नकाशा घेऊन ही कड सापडत नाही. माझी बरीच वर्षं विहिरींचे लॉग, म्हणजे खोलीनुसार खडकाच्या मोजमापांच्या नोंदी, वाचण्यात गेली आहेत. दिसायला सारखे दोन लॉग, मध्ये थोडंसंच अंतर, आणि उत्पादन मात्र निराळं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

भावाचा प्रयोग तर होऊन गेला आहे. 2008 च्या उन्हाळ्यात हेन्री हबचा, म्हणजे अमेरिकेतल्या गॅसचा प्रमाण मानला जाणारा, भाव 13 डॉलरच्या आसपास होता. तेव्हा गाभ्याबाहेर, एराथसारख्या कौंट्यांमध्येही विहिरी पडल्या. त्या गाभ्यातल्या टॅरंट आणि जॉन्सन कौंट्यांच्या तोडीच्या निघाल्या नाहीत. 2012 च्या एप्रिलमध्ये भाव 2 डॉलरपाशी आला तेव्हा कडेच्या विहिरी आधी परवडेनाशा झाल्या. गाभा उरला तो खडकामुळे. भाव कडेवरची विहीर आत घेतो किंवा बाहेर टाकतो, पण कड कोणत्या बाजूला किती तीव्र असेल हे खडकच ठरवतो.

मी यावर इतका अडून बसतो त्याचं कारण आपल्याकडे आहे. भारताच्या शेल गॅससाठी 2012 मध्ये अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने तीन खोऱ्यांपुरता 6.1 ट्रिलियन घनफुटांचा अंदाज दिला. त्याच देशाच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने 2013 मध्ये 96 ट्रिलियन सांगितला. खोरी निराळी, पद्धत निराळी, पण किती क्षेत्र उत्पादक धरायचं हा प्रश्न दोन्हीच्या पोटात आहे. ‘खडक आहे म्हणजे गॅस आहे’ असं धरून चाललो तर मोठाच आकडा आपल्याला आवडणार.

नकाशा मी बदलतो आहे. व्हायोलाची कड तुटक रेषेत, कारण ती एकदा ओलांडली गेली आहे. म्यून्स्टरची आणि वॉशिटाची ठळक. परावर्तनाची कड रेषेऐवजी पट्टा म्हणून दाखवेन, कारण तिथे नमुनेच विरळ आहेत. जॉन्सनच्या दक्षिण भागातल्या विहिरींचे टेक्सस रेलरोड कमिशनकडचे (नाव रेल्वेचं असलं तरी राज्यातल्या तेल-गॅसवर देखरेख करणारी ही सरकारी संस्था) उत्पादनाचे आकडे तुम्ही पाहिलेले दिसतात. ते काढून ठेवले असतील तर जरूर पाठवा, तो भाग मला पुन्हा तपासायचा आहे.