टीएचसीच्या टक्क्यांमागे धावणारे वाण

गांजाच्या एखाद्या हायब्रिड वाणाचा विषय निघू दे, दोन मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "टीएचसी किती?" टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, विचारतात ते त्याचे टक्के. १८ म्हटलं की नाकं मुरडतात, ३० म्हटलं की डोळे चमकतात. चव, वास, झाडाचा स्वभाव, रोगाला किती तग धरतं, यातलं काही कुणी विचारत नाही. या एका आकड्याच्या नादात चांगल्या वाणांची वाट लागली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पटलं नाही तर भांडा, पण आधी पूर्ण वाचा.

आधी त्या आकड्याचीच गंमत. जिवंत झाडात टीएचसी जवळपास नसतंच, असतं टीएचसीए, म्हणजे त्याचं आम्लरूप. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि नशा आणणारं टीएचसी तयार होतं. या बदलात वजन घटतं, म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएला ०.८७७ ने गुणतात. पाकिटावर 'टीएचसीए २८' लिहिलं असेल तर हिशेब साडेचोवीसवर येतो. शिवाय नमुना कुठून घेतला हेही महत्त्वाचं. उजेडात वाढलेला शेंड्याचा फुलोरा आणि खालच्या सावलीतली फुलं, एकाच झाडाची असून त्यांचे आकडे वेगळे येतात. नमुना कुठला पाठवायचा हे ठरवणारा माणूस विक्रेत्याच्याच बाजूचा असतो, यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. २०२३ मध्ये कोलोरॅडोतल्या दुकानांतून घेतलेले २३ नमुने संशोधकांनी पुन्हा तपासले. जवळपास ७० टक्के नमुन्यांत प्रत्यक्ष टीएचसी लेबलपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी भरलं. प्रत्यक्ष टीएचसीची सरासरी निघाली पंधरा टक्क्यांच्या आसपास!

आणि समजा आकडा खरा आहे. मग नशा त्या प्रमाणात वाढते का? २०२० मध्ये कोलोरॅडोतच झालेल्या अभ्यासात १६ टक्क्यांचा आणि २४ टक्क्यांचा फुलोरा वापरणाऱ्यांची तुलना झाली, सोबत ७० आणि ९० टक्क्यांचे अर्क वापरणारेही होते. अर्कवाल्यांच्या रक्तात टीएचसी बरंच जास्त सापडलं, पण कितपत चढली हे विचारल्यावर आणि तोल, स्मरणशक्ती तपासल्यावर फार फरक दिसला नाही. म्हणजे चढ्या आकड्यासाठी मोजलेल्या जादा पैशांत नेमकं काय पदरात पडलं, ते ज्याचं त्याने बघावं.

याचा अर्थ जहाल वाण निरुपद्रवी आहेत असा कुणी काढू नका. युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. तिथे 'जहाल' कशाला म्हटलंय माहीत आहे? १० टक्के आणि त्यावर. आज ज्या १८ ला लोक पाणचट म्हणतात ते कधीच त्या रेषेच्या पार गेलंय. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात १९९५ ला टीएचसी सरासरी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत १२ झालं. त्याच काळात सीबीडी, म्हणजे गांजातलंच पण नशा न आणणारं द्रव्य, जवळजवळ नाहीसं झालं.

ते का गेलं, हे मला सगळ्यात रंजक वाटतं. झाड आधी सीबीजीए नावाचं एकच द्रव्य बनवतं. एक एन्झाइम त्याचं टीएचसीए करतं, दुसरं सीबीडीए. कच्चा माल एकच, गिऱ्हाइकं दोन. पिढ्यानपिढ्या ज्यांचं टीएचसी जास्त तीच झाडं निवडत गेलं की दुसरं एन्झाइम आपोआप बाद होतं. कुणी ठरवून सीबीडी मारलं नाही, सगळ्यांनी मिळून एकाच बाजूला माप टाकलं.

आता 'हायब्रिड' या लेबलकडे. लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या झाडावरून 'इंडिका' ही वेगळी जात मानली, त्याआधी १७५३ मध्ये लिनियसने 'सटायव्हा' नाव दिलं होतं. हिंदुकुशची बुटकी, रुंद पानांची, लवकर फुलणारी झाडं आणि विषुववृत्ताजवळची उंच, सडपातळ, उशिरा फुलणारी झाडं, हा फरक खराच होता. पण गेल्या पन्नासेक वर्षांत यांचे इतके संकर झाले की आज जवळपास प्रत्येक वाण हायब्रिडच आहे. '७० टक्के इंडिका' असं छापतात ते कशावरून, देव जाणे. २०१५ च्या जनुकीय अभ्यासात एकाच नावाचे काही नमुने एकमेकांपेक्षा दुसऱ्याच नावाच्या वाणांशी जवळचे निघाले होते!

गोरिला ग्लू नंबर ४ चं उदाहरण घ्या. आईबाप सांगतात ते चेम्स सिस्टर, सावर डब आणि चॉकलेट डिझेल. झाड द्विलिंगी झालं, नकळत परागण झालं आणि त्या बियांतून हे वाण निघालं, अशी त्याची कथा आहे. फुलोरा साफ करताना कात्री चिकटून बसायची, म्हणून ग्लू. २०१७ मध्ये गोंद बनवणाऱ्या कंपनीने नावावरून दावा लावला आणि शेवटी ते जीजी४ झालं. म्हणजे बाजारातलं सगळ्यात गाजलेलं जहाल वाण कुणाच्या आराखड्यातून आलेलंच नाही.

त्या चिकटपणाकडे भिंगातून एकदा बघाच. फुलाजवळच्या पानांवर बारीक देठांवर उभे काचेचे थेंब दिसतात, ते ट्रायकोम. आधी पारदर्शक असतात, मग दुधाळ होतात, पुढे पिंगट. जाणकार काढणीची वेळ यांच्या रंगावरून ठरवतात. वासही यातच असतो. मर्सीन, लिमोनीन, कॅरिओफिलीन ही टर्पीन, म्हणजे वास देणारी द्रव्यं, तिथलीच. मात्र तो प्रसिद्ध स्कंकी, म्हणजे स्कंक प्राण्यासारखा उग्र दर्प टर्पीनचा नसून गंधकयुक्त संयुगांचा आहे, हे २०२१ मध्ये कळलं. वाळवताना घाई केली, ऊब जास्त दिली की वास उडतो, टीएचसीचा आकडा मात्र जवळपास तसाच राहतो. आकड्याला भुलणारा हे पकडणार कसं?

लागवडीतही हेच. कायद्याने परवानगी आहे तिथले उत्पादक भरघोस, घट्ट फुलोऱ्याच्या मागे असतात, आणि घट्ट फुलोऱ्यात दमट हवा अडकली की आतून करडी बुरशी लागते. वरून सगळं झकास दिसतं, फोडलं की भुगा. अशी झाडं लहान दिवसांवर फुलतात, रोज बारा तास सलग अंधार मिळाला पाहिजे. अंधारात उजेड शिरला, उष्णता वाढली, की काही वाणांच्या मादी झाडांवर नर फुलं येतात आणि सगळं पीक बियांनी भरतं. जीजी४ च्या जन्मकथेतला गुण काही वंशजांत उतरतो, याचं आश्चर्य नको. बियांतून लावलं तर भावंडांत दहा तऱ्हा निघतात, म्हणून सगळे छाटकलमांवर जातात. कलमांबरोबर रोगही जातो. हॉप लेटंट व्हायरॉइड हा विषाणूहूनही लहान रोगकारक कात्रीच्या पात्यावरून झाडोझाडी पोहोचतो, झाड खुरटतं, राळ घटते आणि बऱ्याचदा सुरुवातीला वरवर काही दिसतही नाही. म्हणून कुणी जहाल वाणाचं कलम दाखवलं की मी टीएचसी विचारत नाही, मातृझाडाची व्हायरॉइड तपासणी कधी झाली तेवढं विचारतो. बहुतेकदा समोरचा विषय बदलतो.