न्यूट्रॉन डिटेक्टरची कार्यक्षमता थ्रेशोल्डशिवाय सांगू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. द्रव सिंटिलेटरने (कण आदळला की चमकणाऱ्या द्रवाने) वेगवान न्यूट्रॉन मोजण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. आक्षेप चार आहेत. हेलियम-३ चे काउंटर असताना द्रव सिंटिलेटरचा खटाटोप कशाला? न्यूट्रॉन जास्त पकडायचे तर ५ ऐवजी १० सेंटिमीटर जाडीचा सेल, म्हणजे द्रवाचा डबा, का नको? २५० मेगासॅम्पलच्या डिजिटायझरवर (सेकंदाला पल्सचे २५ कोटी नमुने घेणाऱ्या यंत्रावर) न्यूट्रॉन आणि गॅमा किरण वेगळे होतात हे कशावरून? आणि लेखातली ‘२ एमईव्हीला ४० टक्के कार्यक्षमता’, म्हणजे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या शंभर न्यूट्रॉनांपैकी ४० ची नोंद, आली कुठून? शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखालचे पल्स मोजायचेच नाहीत ती पातळी, न सांगता कार्यक्षमता सांगणं ही चूकच. लेखात ती झाली होती, आता दुरुस्त केली आहे. वेगवान न्यूट्रॉन सिंटिलेटरमधल्या हायड्रोजनच्या केंद्रकावर आदळतो आणि त्या धक्क्याने उडालेला प्रोटॉन प्रकाश देतो. या प्रोटॉनला शून्यापासून न्यूट्रॉनच्या पूर्ण ऊर्जेपर्यंत कितीही ऊर्जा मिळू शकते, आणि त्यातली प्रत्येक ऊर्जा जवळजवळ सारखीच संभवते. शिवाय प्रोटॉन प्रकाश कमी देतो: १ एमईव्हीच्या प्रोटॉनचा प्रकाश तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा भरतो. थ्रेशोल्ड १०० केईव्ही इलेक्ट्रॉन-तुल्य (०.१ एमईव्हीचा इलेक्ट्रॉन देतो तेवढा प्रकाश) ठेवला, की साधारण पाऊण एमईव्हीखालचे सगळे प्रोटॉन गेले. मग १.५ एमईव्हीच्या न्यूट्रॉनची प्रत्येक दुसरी धडक नोंदवलीच जात नाही. थ्रेशोल्ड २०० वर नेला तर काट १.२ एमईव्हीच्या आसपास बसते आणि पाच धडकांतली एकच हाती लागते. १ एमईव्हीचे न्यूट्रॉन तर दिसतच नाहीत. सेल तोच, द्रव तोच, आकडा मात्र कुठल्या कुठे. ५ सेंटिमीटर जाडी, १०० केईव्ही थ्रेशोल्ड आणि २ एमईव्हीचे न्यूट्रॉन असा पहिल्या धडकेचा ढोबळ हिशेब केला तर ३० टक्क्यांच्या आसपास येतो. लेखात आता हाच आकडा आहे, थ्रेशोल्डसकट.

हा थ्रेशोल्ड बसवतानाच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सेंद्रिय सिंटिलेटरमध्ये सीझियम-१३७ च्या गॅमाचं पूर्ण ऊर्जेचं फोटोशिखर दिसत नाही, दिसते ती ४७७ केईव्हीची कॉम्प्टन कड, म्हणजे एका धडकेत गॅमा इलेक्ट्रॉनला देऊ शकतो ती कमाल ऊर्जा. पुष्कळ जण वर्णपटातल्या टेकडीच्या माथ्यालाच कड समजतात. कड असते उजव्या उतारावर, माथ्याच्या साधारण ७० ते ८० टक्के उंचीला. माथा धरून कॅलिब्रेशन केलं की थ्रेशोल्ड समजता त्यापेक्षा खाली बसतो आणि हिशेबात न धरलेले कमी ऊर्जेचे न्यूट्रॉनही गुपचूप मोजले जातात. सोडियम-२२ च्या ३४१ आणि १०६२ केईव्हीच्या कडा घेऊन तीन बिंदूंची रेषा तपासा. ती शून्यातून जात नसेल तर बेसलाइन (पल्स नसतानाची पातळी) चुकली आहे.

आता जाडी. न्यूट्रॉनची ऊर्जा त्याच्या उड्डाणकाळावरून, म्हणजे ठरावीक अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून, काढतात. २ एमईव्हीचा न्यूट्रॉन १.५ मीटर अंतर सुमारे ७७ नॅनोसेकंदांत कापतो, गॅमाला ५ पुरतात. वेळेत १ नॅनोसेकंदाची चूक म्हणजे १.३ टक्के. पण ५ सेंटिमीटर जाडीत न्यूट्रॉन नेमका कुठे आदळला हे कळत नसल्याने अंतरात ३.३ टक्क्यांची अनिश्चितता येते. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ऊर्जेतली अनिश्चितता मिळते, सुमारे ७ टक्के. जाडी १० सेंटिमीटर केली की ती १४ टक्क्यांजवळ जाते. आणि पदरात काय पडतं? हायड्रोजनवर आदळणारे न्यूट्रॉन निम्म्यावरून तीन चतुर्थांशांवर जातात, दुप्पट होत नाहीत. याचा अर्थ जाड सेल वाईट असा नव्हे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातल्या ‘नँड’ या डिटेक्टरांच्या व्यूहात (समूहात) १०० सेल आहेत आणि प्रत्येक ५ इंच जाड, कारण तिथे विखंडनात किती न्यूट्रॉन सुटले हे मोजणं महत्त्वाचं. कोलकात्याच्या व्हीईसीसी या सायक्लोट्रॉन केंद्राचा सहभाग असलेल्या ‘मॉन्स्टर’ या व्यूहाचे सेल २० सेंटिमीटर व्यासाचे पण फक्त ५ सेंटिमीटर जाड आहेत, कारण तिथे ऊर्जेचा वर्णपट हवा. प्रश्न कोणता, यावर जाडी ठरते.

हेलियम-३ चंही तेच. मंद न्यूट्रॉनसाठी त्याचा छेद, म्हणजे न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचं माप, ५३३० बार्न (छेदाचं एकक), त्याला तोड नाही. १ एमईव्हीला मात्र तो एका बार्नच्या आत येतो. म्हणून भोवती पॉलिथिन लावून न्यूट्रॉन मंद करावे लागतात, त्यात कित्येक मायक्रोसेकंद जातात आणि न्यूट्रॉन कधी सुटला ही माहितीच पुसली जाते. नुसती मोजणी करायची असेल तर हेलियम-३ जरूर वापरा, उड्डाणकाळ मोजायचा असेल तर नाही.

डिजिटायझरच्या बाबतीत तुमचं अर्धं बरोबर आहे. वेळ नेमकी काढायची तर ५०० मेगासॅम्पल बरं, कारण २५० ला दर ४ नॅनोसेकंदांनी एकच बिंदू मिळतो आणि चढत्या कडेवर एखाददुसराच बिंदू सापडतो. पण न्यूट्रॉन-गॅमा वेगळे करायला वेगापेक्षा बिट महत्त्वाचे, कारण फरक पल्सच्या शेपटीत, म्हणजे शिखरानंतरच्या उतरत्या भागात, असतो. ४ एमईव्ही इलेक्ट्रॉन-तुल्य रेंज ८ बिटांत बसवली तर एक पायरी १६ केईव्हीची होते. १०० केईव्हीचा पल्स जेमतेम सहा पायऱ्यांचा, त्याची शेपटी एका पायरीतच बुडते. १ गिगासॅम्पलचा ८ बिटी ऑसिलोस्कोप इथेच फसतो. १२ बिटांत पायरी १ केईव्हीची होते आणि शेपटी दिसू लागते.

शेपटीच का, तर प्रोटॉनच्या दाट मार्गात रेणूंच्या ट्रिपलेट नावाच्या उत्तेजित अवस्था जास्त तयार होतात आणि त्या जोडीजोडीने विझताना उशिरा प्रकाश देतात. लाँग गेट (पूर्ण पल्स मोजायची वेळेची खिडकी) २०० ते ३०० नॅनोसेकंद ठेवा, शिखरानंतर २०-३० नॅनोसेकंदांपासून शेपटी मोजा आणि शेपटी भागिले एकूण हे गुणोत्तर एकूण प्रकाशासमोर मांडा. दोन पट्टे दिसतील, वरचा न्यूट्रॉनचा. ‘फिगर ऑफ मेरिट’, म्हणजे दोन पट्टे किती सुटे आहेत याचा आकडा, सांगताना तो ऊर्जेच्या कोणत्या टप्प्यात काढला तेही सांगा, नाहीतर त्याचीही गत माझ्या ४० टक्क्यांसारखीच.

वरच्या पट्ट्यात दिसणारं सगळं न्यूट्रॉनच असतं असं नाही. एका गेटमध्ये दोन गॅमा आले तर दुसऱ्याचा प्रकाश पहिल्याच्या शेपटीत जमा होतो. सेकंदाला १०,००० गॅमा आणि ३०० नॅनोसेकंदांचा गेट धरा : हजारात तीन गॅमा असे खोटे न्यूट्रॉन होतात. शंभर गॅमांमागे एकच खरा न्यूट्रॉन असेल, तर तुमच्या ‘न्यूट्रॉनां’त खऱ्यांच्या ३० टक्के भर खोट्यांची. गेटमध्ये दुसरं शिखर दिसलं की पल्स फेकून द्या. व्होल्टेज जास्त झाल्याने शिखर कापलं गेलं तरी हेच घडतं, कारण शिखर खुरटतं आणि शेपटी तेवढीच राहते. दोन पट्टे महिन्यागणिक जवळ येत असतील तर आधी सील तपासा : द्रवात मुरलेला ऑक्सिजन ट्रिपलेट विझवतो. उपाय म्हणजे द्रवातून नायट्रोजन किंवा आरगॉनचे बुडबुडे सोडून पुन्हा सीलबंद करणं.

राहिला ‘नागपुरात हे कोण करणार’ हा टोमणा. करता येतं, पण इथल्या उन्हाळ्याचा हिशेब धरून. ईजे-३०१ हा झायलीनवर आधारलेला द्रव २६ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतो. नवतप्यात आपल्याकडे बंद खोलीचं तापमान रात्रीही याच्या वर असतं. इथे ईजे-३०९ हा द्रव घ्या, तो १४४ अंशांपर्यंत तशी वाफ सोडत नाही. सेलमध्ये द्रव पसरायला जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात तो सीलमधून वाट काढेल. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (प्रकाशाचा विजेचा पल्स करणारी चिप) वापरणार असाल तर काही मॉडेलांचं ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे ज्यावर ती काम करू लागते ते, दर अंशाला ५४ मिलिव्होल्टने सरकतं. पहाटे २८ आणि दुपारी ४५ म्हणजे जवळजवळ १ व्होल्टचा फरक, आणि ओव्हरव्होल्टेज (ब्रेकडाउनच्या वर दिलेलं व्होल्टेज) ३ व्होल्ट असेल तर गेन, म्हणजे पल्सची वाढ, तिसऱ्या हिश्श्याने पडतो. सकाळी लावलेला थ्रेशोल्ड दुपारी तो राहत नाही. डिटेक्टरला तापमापी चिकटवा आणि व्होल्टेज त्याप्रमाणे आपोआप सरकेल अशी सोय करा.

नेहमीचा, नळीचा फोटोमल्टिप्लायर असेल तर त्या खोलीत कूलर लावू नका, एसीच लावा. कूलरची ओल दीड-दोन हजार व्होल्टच्या बेसवर (नळीला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) बसली की गळती सुरू होते आणि स्रोत नसतानाही पल्स येऊ लागतात. आधी दिवे बंद करून, काळ्या टेपच्या सांध्यांवरून टॉर्च फिरवत काउंट बघा. वाढले तर प्रकाश शिरतोय. तसेच राहिले आणि तरी जास्त असतील, तर व्होल्टेज उतरवा, बेस उघडा आणि कोरडा करा.