माझ्या बाजूचा आधार कच्चा होता

आज नववा दिवस. माझं उजवं कोपर अजून टेबलावर टेकत नाही, आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर मी पोट आत घेऊन, खेकड्यासारखा आडवा जातो. दाराच्या ऐन मधोमध लाकडी ठेपा उभा आहे. अजून पाच दिवस त्याला हात लावायचा नाही, अशी मिस्त्रींची ताकीद आहे. घरात माझ्यापेक्षा त्याला जास्त मान आहे. त्याला निदान कुणी 'जरा सरक' म्हणत नाही.

प्रकरण साधं होतं. दार घासायला लागलं. सुताराने दोनदा रंधा मारला. दार बारीक झालं, घासणं तेवढंच राहिलं. मग चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग छताच्या दिशेने निघाली, तेव्हा कळलं की दुखणं दाराचं नाही, वरच्या लिंटेलचं, म्हणजे दाराच्या डोक्यावर आडव्या टाकलेल्या काँक्रीटच्या तुळईचं आहे. मिस्त्रींनी प्लास्टर फोडलं, आत बॅटरी मारली आणि डॉक्टरांसारखं 'च् च्' केलं.

"तयार लिंटेल आहे साहेब. उलटं बसवलंय. सळया वर गेल्यात."

लिंटेल भाराखाली वाकतं. वाकलं की त्याचं वरचं अंग दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. काँक्रीट दाब हसत सोसतं. ताण सोसायची ताकद मात्र दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याची. दगडाचंही तेच. म्हणून सळया खालच्या अंगाला हव्यात. आमच्याकडे त्या वर निवांत पडून होत्या आणि खाली बिचारं काँक्रीट एकटंच तडकत होतं. (प्रत्येक ऑफिसात अशी व्यवस्था असते, पण तो वेगळा लेख.) खरं तर बसवणाऱ्याला मनातून फार शिव्याही देववत नाहीत. भिंतीतून बाहेर आलेली तुळई कशी मोडते याचं गणित गॅलिलिओने १६३८ साली छापलं, आणि ताण कुठे, दाब कुठे यात तोसुद्धा चुकला होता. पण गॅलिलिओच्या चुकीमुळे माझं दार घासत नव्हतं.

मी म्हटलं, आता तयार नको, डोळ्यांदेखत जागेवरच ओता. जुनं लिंटेल निघालं. आणि इथे काका आले.

काका खालच्या मजल्यावर राहतात. आले होते आवाजाची तक्रार करायला. तीन तास थांबले. जुन्या लिंटेलबरोबर वरच्या काही विटा निखळल्या होत्या, पण भसकन सगळी भिंत आली नव्हती. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळता होत जाणारा त्रिकोण तेवढा पडला होता. काकांनी त्याच्याकडे नातवाकडे बघावं तसं बघितलं.

"बघ. तुला वाटतं सगळी भिंत लिंटेलच्या डोक्यावर असते. नसते! सांधेमोड करून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता रचलेल्या विटा एकमेकींना धरून भार बाजूला ढकलतात. लिंटेलच्या वाट्याला हा एवढा त्रिकोण. ग्रीसमध्ये मायसिनीला सिंहद्वार आहे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी त्यांनी लिंटेलवर मुद्दाम त्रिकोण मोकळा सोडला, तिथे पातळ शिळा बसवली आणि तिच्यावर दोन सिंह कोरले."

"काका, पायाखाली घमेलं आहे."

"असू दे. तू लिंटेल कशाला करतोस? कमान कर."

मी म्हटलं, दार चौकोनी आहे. काकांना हा मुद्दा क्षुल्लक वाटला. त्यांनी माझ्या मोबाइलच्या चार्जरची वायर उपटली (मोबाइल चार टक्क्यांवर होता) आणि दोन्ही टोकांना धरून लोंबकळत ठेवली. "हिच्यात सगळा ताण. हीच उलटी कर, सगळा दाब. झाली कमान! रॉबर्ट हुक, १६७५." हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने म्हणे हे गुपित लॅटिन अक्षरांची उलटापालट करून छापलं होतं, म्हणजे कुणाला कळायला नको. फार समजूतदार माणूस.

"पण कमान पाय फाकवते," काका म्हणाले. "लिंटेल नुसतं सरळ खाली दाबतं, कमान बाजूलाही रेटते. हात दे, दाखवतो."

मी नको म्हणायला हवं होतं. पण मिस्त्री, त्यांचा बिगारी आणि माझी बायको असे तिघं बघत होते, आणि वडीलधाऱ्या माणसाचे हात हवेत होते. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. तळहाताला तळहात लावला. काका म्हणाले, "पाय मागे घे. अजून मागे. आता भार टाक. हे आपले हात म्हणजे किल्लीचा दगड, कमानीच्या माथ्यावरचा. कळतोय रेटा?"

कळत होता. दोघंही तिरके, नाकासमोर नाक, आणि काका त्याही अवस्थेत बोलत होते, की कमानीतला प्रत्येक दगड पडायलाच निघालेला असतो, पण शेजारचा त्याला पडू देत नाही. एवढं म्हणून त्यांनी वजन पुरतं सोडलं. काकांच्या पायात रबरी चपला होत्या. माझ्या पायात मोजे, खाली गुळगुळीत फरशी, आणि तिच्यावर सिमेंटची भुकटी.

माझे पाय मागच्या मागे सुळकन गेले. कोपर फरशीवर आणि काका माझ्यावर.

क्षणभर शांतता. मग मिस्त्री, थापी हातात तशीच धरून, अतिशय गंभीरपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या बाजूचा आधार कच्चा होता."

बिगारी हसत हसत बाहेर गेला. बायकोने आधी फोटो काढला, मग हात दिला. फोटो घरच्या ग्रुपवर गेला. सासूबाईंनी, ज्यांनी आजवर माझ्या बढतीच्या बातमीलाही काही दिलं नव्हतं, अंगठा दिला. आणि काका उठून, चपला झटकत, अगदी प्रसन्न: "बघितलंस? सिद्ध झालं!" माझ्या कोपराची चौकशी अजून त्यांनी केलेली नाही. हे मी विसरणार नाही.

असो. लिंटेल ओतलं. दोन्ही बाजूंना भिंतीत सहा-सहा इंच टेकलंय, सळया खाली आहेत, मी वाकून, फोटो काढून खात्री केली. फक्त ओतलेलं काँक्रीट चौदा दिवस तरी ठेप्यावर हवं, पुरती ताकद यायला अठ्ठावीस, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना भेग दिसत होती, सल्ले सुचत होते, मायसिनी आठवत होतं. रात्री पाणी प्यायला उठल्यावर अंधारात कपाळावर काय आपटणार आहे, हे मात्र कुणालाच सुचलं नाही.

आज सकाळी काका पुन्हा आले. ठेप्याला वळसा घालून, आडवे होऊन आत शिरले, वर बघितलं, पोरकं वाटावं इतक्या हळव्या आवाजात म्हणाले, "तयार लिंटेल आणलं असतंस तर दुसऱ्या दिवशी दार मोकळं."

मी काही बोललो नाही. कोपर चोळत राहिलो.

"बरं ते जाऊ दे. आज घुमट दाखवतो. सहा माणसं लागतील, बायकोला हाक मार, मिस्त्रींनाही बोलाव," असं म्हणून त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "आणि तू आधी ते मोजे काढ."